नाताळात बार्बाडोसला लग्न: गोव्यातल्या पाहुण्यांचा प्रवास कसा आखावा

मुलगा लंडनला, सून टोरोंटोची आणि लग्न बार्बाडोसला, तेही नाताळात. अशी पत्रिका गोव्यातल्या घरी आली तर आता कोणी फारसं चकित होत नाही. पण ती फोंडा, म्हापसा, काणकोणच्या सोयऱ्यांपर्यंत पोचली की यजमानांच्या घरातल्या एकाच्या डोक्यावर भलतंच काम येऊन पडतं. आजीपासून भाच्यापर्यंत सगळ्यांना अर्ध्या जगापलीकडे न्यायचं आणि धड परत आणायचं. हा लेख त्या माणसासाठी आहे. कॅरिबियनमध्ये बेटं पुष्कळ आहेत, मी बार्बाडोस धरून लिहितो. हे नाव आपल्याकडे नव्याने सांगावं लागत नाही: २९ जून २०२४ ला रोहित शर्माच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला तो तिथल्याच केन्सिंग्टन ओव्हलवर.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. बेटाला व्हिसा लागत नाही, वाटेला लागतो. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटक म्हणून ९० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. ते ऐकून मंडळी निश्चिंत होतात आणि लंडन किंवा न्यूयॉर्कमार्गे स्वस्तात मिळालेलं तिकीट काढून मोकळी होतात. गडबड तिथेच होते. म्हणून पाहुण्यांना भाडं शोधायला सांगण्याआधी वाट ठरवून द्या.

आधी तारीख आणि पैशांचं बोलणं

विमान कंपन्या साधारण अकरा महिने आधी जागा खुल्या करतात. नाताळातलं लग्न असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच तारीख कळवायला हवी. छापील पत्रिका नंतर द्या, आधी फोन करा.

या फोनवर दोन प्रश्न हमखास येतील. पहिला वडीलधाऱ्यांचा: धनुर्मासात लग्न कसलं लावता? डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास, आणि त्यात आपल्याकडे सहसा मुहूर्त धरत नाहीत. याचं उत्तर तुमच्या भटजींशी आधीच बोलून ठेवा. काही घरांत वैदिक विधी आधी किंवा नंतर गोव्यात करतात आणि तिथे समुद्रकाठी फक्त समारंभ ठेवतात. तसं असेल तर पाहुण्यांना स्पष्ट सांगा, म्हणजे ज्यांना अक्षता टाकण्याचं महत्त्व आहे त्यांना कुठे यायचं ते ठरवता येईल.

दुसरा प्रश्न कोणी तोंडाने विचारत नाही: खर्च कोणाचा? कार्यालयातल्या लग्नात पाहुण्यांच्या राहण्याची सोय यजमान करतात, हे आपण गृहीतच धरतो. इथे तसं गृहीत धरलं तर मानपानाचे प्रसंग उभे राहतात. तिकीट ज्याचं त्याने काढायचं, राहण्याच्या इतक्या रात्री आमच्या, त्यापुढच्या तुमच्या, असं पहिल्याच फोनवर सांगून टाका. आणि कोणी ‘जमणार नाही’ म्हणालं तर आग्रह करू नका. निवृत्त शिक्षक असलेल्या मामांनी भिडेखातर एवढे पैसे घालावेत असं मला तरी वाटत नाही.

पासपोर्टांचा तक्ता करा

येणाऱ्यांचा एक तक्ता करा: पासपोर्टवरचं नाव अक्षरशः जसं आहे तसं, कुठल्या देशाचा पासपोर्ट, मुदत कधी संपते, अमेरिका-कॅनडा-ब्रिटनचा चालू व्हिसा आहे का. परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने मुदत उरायला हवी. ज्यांची संपत आली आहे त्यांना लगेच पणजीच्या पासपोर्ट कार्यालयाकडे पिटाळा.

गोव्यात या तक्त्याला दोन खास रकाने लागतात. एक म्हणजे आडनावाचं. जुन्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज धाटणीचं आडनाव आणि आधारवर वेगळं, म्हणजे कागदावर कामोतीम आणि बाकी सगळीकडे कामत, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. शिवाय लग्नानंतर नाव बदललेल्या काकी-मावशा. तिकीट पासपोर्टवरच्याच नावाने निघालं पाहिजे. घरात काय हाक मारतात, पत्रिकेवर काय छापलंय, याच्याशी विमान कंपनीला देणंघेणं नसतं.

दुसरा रकाना पोर्तुगीज पासपोर्टचा. एकाच घरात थोरला भाऊ भारतीय आणि धाकटा पोर्तुगीज नागरिक असं चित्र इथे दिसतं. धाकट्याला लंडनमार्गे जाताना भारतीयांसारखा ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे वाटेत विमान बदलण्यापुरता व्हिसा, लागत नाही. तो ब्रिटनमध्ये बाहेर पडणार असेल तर ईटीए नावाची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. भारतात परतताना मात्र त्याला ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) किंवा भारताचा व्हिसा जवळ हवाच. दोघांनी एकच प्रवास करायचा असेल तर वाट थोरल्याच्या पासपोर्टकडे बघून निवडा.

वाट कुठली?

भारतातून बार्बाडोसला थेट विमान नाही. मुख्य वाटा तीन.

लंडनमार्गे ही सर्वांत सरळ. मुंबईहून लंडनला साधारण दहा तास, तिथून बार्बाडोसला जवळपास नऊ. ब्रिटिश एअरवेज आणि व्हर्जिन अटलांटिक या दोन्ही कंपन्या मुंबई-लंडन आणि लंडन-बार्बाडोस अशी दोन्ही अंतरं उडतात, त्यामुळे पूर्ण प्रवास एका तिकिटावर मिळू शकतो. भारतीय पासपोर्टवर नुसतं विमान बदलायचं असलं तरी ब्रिटनचा एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे इमिग्रेशन पार न करता विमानतळाच्या आतच राहण्याचा, लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर सहसा त्यातून सूट मिळते. युरोपातल्या देशांच्या सामाईक शेंगेन पर्यटक व्हिसावर मात्र ही सूट धरू नका.

आता बारीक पण महागात पडणारी गोष्ट. लंडनला एकापेक्षा जास्त विमानतळ आहेत. मुंबईचं विमान हीथ्रोला उतरलं आणि पुढचं गॅटविकहून सुटणार असेल, तर इमिग्रेशन पार करून बाहेर यावं लागतं. मग एअरसाइड व्हिसा चालत नाही, आत शिरण्याचा व्हिसा लागतो. दोन वेगळी तिकिटं काढली तरी तीच अवस्था, कारण सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागतं. पाहुण्यांना एकच वाक्य पाठवा: एकच बुकिंग, एकच विमानतळ, सामान थेट बार्बाडोसपर्यंत. पहाटेचं विमान असेल तर हीथ्रोवर रात्र काढण्याचा नियमही आधी तपासा.

अमेरिकामार्गे (मायामी, न्यूयॉर्क) विमानं भरपूर आहेत. पण अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. ज्यांच्याकडे आधीच दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा आहे त्यांनी खुशाल जावं. फक्त या लग्नासाठी म्हणून तो काढायला निघणाऱ्यांना मुलाखतीची तारीख वेळेत मिळेल याचा भरवसा धरू नका.

टोरोंटोमार्गे जाण्यासाठी कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला शुल्क नसतं, पण अर्ज करावाच लागतो. वधूकडची मंडळी टोरोंटोची असतील तर तिथे दोन दिवस थांबण्याचा मोह होईल. तसं असेल तर ट्रान्झिट नव्हे, पूर्ण पर्यटक व्हिसा काढा.

कोणी ‘आलोच आहोत तर त्रिनिदादही करू’ म्हणालं, तर त्याला थांबवू नका, पण लस घ्यायला लावा. त्रिनिदाद भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहे. तिथून येणाऱ्याकडे लसीचं पिवळं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि पुढे आयुष्यभर चालतं. मुरगावच्या बंदर आरोग्य कार्यालयात ही लस देतात, वार आणि वेळ फोनवर विचारून जा.

गर्दी कुठल्या दिशेने वाहते

गोंयकाराला इथे एक फायदा आहे. नाताळच्या आठवड्यात सगळं जग गोव्याकडे येत असतं, तेव्हा गोव्याहून मुंबईला जाणारी विमानं त्या मानाने मोकळी असतात. १८-२० डिसेंबरला निघालात तर गोवा-मुंबई हा टप्पा फारसा जड जात नाही. उलटं होतं ते परतताना. २७ ते ३१ डिसेंबरच्या दरम्यान मुंबईहून गोव्याला यायचं म्हणजे तुम्ही पर्यटकांच्याच रांगेत. शक्य असेल तर परतीची तारीख २ जानेवारीनंतरची धरा. तेव्हा पर्यटक गोव्यातून परतीला लागलेले असतात आणि तुम्ही त्यांच्या उलट दिशेने येता. शाळेतल्या मुलांची सुट्टी मात्र तोवर संपलेली असते. त्यासाठी वर्गशिक्षिकेशी आधी बोला.

लंडन-बार्बाडोस या टप्प्यावर अशी कुठलीच पळवाट नाही. थंडीला कंटाळलेले इंग्रज नेमके तेव्हाच तिकडे निघतात. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यापासून तिथला महागडा मोसम सुरू होतो. म्हणून हाच टप्पा आधी बघा आणि बाकीचं त्याच्याभोवती बसवा.

मुंबईत निदान सहा तासांचं अंतर ठेवा. मुंबईला कुठल्या टर्मिनलला उतरणार तेही बघा, कारण एका टर्मिनलहून दुसऱ्याला जायला रस्त्यानेच जावं लागतं. दिल्लीमार्गे स्वस्त मिळालं तरी डिसेंबरातल्या धुक्याचा विचार करा. मोपाच्या विमानतळावर जायला काणकोण-केपेकडच्यांनी वेळ सैल धरावा, डिसेंबरात महामार्गावर काय होतं ते सांगायला नको. दाबोळीचं विमान मिळत असेल तर दक्षिणेकडच्यांना तेच सोपं. कोकणकन्या आणि मांडवी आहेतच, पण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं हे लक्षात ठेवा.

राहणं

कळंगुटला नाताळात खोली मागणाऱ्याला जे ऐकावं लागतं तेच इथे ऐकावं लागेल: किमान इतक्या रात्री. अनेक ठिकाणी सात, मोठ्या व्हिलांत त्याहून जास्त. पश्चिम किनारा, म्हणजे होलटाउनचा भाग, शांत समुद्राचा आणि महाग. दक्षिणेला वर्दिंग, ऑइस्टिन्सकडे तुलनेने परवडतं, दुकानं पायी अंतरावर असतात आणि विमानतळही जवळ. मी ज्येष्ठांना दक्षिणेलाच ठेवीन, स्वयंपाकघर असलेल्या घरात. मासे खाणाऱ्या गोंयकाराची तिथे चैन आहे, उडणारा मासा आणि मक्याच्या पिठाचं कू-कू हे त्यांचं राष्ट्रीय जेवण. सोमवार किंवा मार्गशीर्षी गुरुवार पाळणाऱ्यांना मात्र आमटी-भात रांधता यायला हवा. नळाचं पाणी पिता येतं.

पॅकेज घेतलं तर एजंट टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, कापेल. तो आयकर रिटर्नमध्ये जमेस धरता येतो, म्हणून पॅन बरोबर द्या आणि पावती जपा.

सामानात काय, काय नको

अंतरपाट, मुंडावळ्या, बाशिंग हे सगळं चालतं. ताजी फुलं, फळं, विड्याची पानं, बियाणं नेऊ नका, वनस्पतींच्या बाबतीत तिथले नियम कडक आहेत. नारळ तिथेच मिळतात. दागिने नेणार असाल तर मुंबईहून निघताना कस्टम्सकडून त्यांचं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, म्हणजे परतताना हे सोनं तिथे घेतलं का, असा प्रश्न येत नाही. काजू फेणीची सीलबंद बाटली चेक-इन सामानात नेता येते, आणि रमच्या बेटावर ती नेण्यात एक वेगळीच मजा आहे.

लष्करी छपाईचे (कॅमोफ्लाज) कपडे बार्बाडोसमध्ये बेकायदा आहेत, अगदी लहान मुलांचेसुद्धा. भाच्यांच्या बॅगा तपासाच. वीज ११५ व्होल्टची आणि पिना अमेरिकी पद्धतीच्या. फोन चार्ज होतो, पण इथला केस सरळ करायचा यंत्रप्रकार तिथे नीट तापत नाही. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर ठरलेलाच आहे.

किनाऱ्यावर मँचिनीलची झाडं असतात, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात. फळ विषारी, चीकही. पावसात त्याच्याखाली आडोशाला उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. बऱ्याच ठिकाणी खोडाला लाल खूण केलेली असते. मुलांना पहिल्याच दिवशी दाखवा.

नाताळचे दोन दिवस

२५ ला दुकानं बंद, २६ लाही सुट्टी. किराणा, औषधं, फुलांची ऑर्डर, टॅक्सीचं बोलणं सगळं २४ च्या दुपारपर्यंत उरका. २५ ला सकाळी मोकळे असाल तर ब्रिजटाउनच्या क्वीन्स पार्कमध्ये जा. पहाटेच्या प्रार्थनेनंतर लोक ठेवणीतले कपडे घालून तिथे जमतात. आपल्या बायकांच्या पैठण्या त्या गर्दीत शोभून दिसतील.

जे येणार नाहीत त्यांच्यासाठी

बार्बाडोस आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथे सकाळी दहाला समारंभ ठेवला तर गोव्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात, म्हणजे आजीला झोपेच्या आधी मोबाइलवर पाहता येतं. तिथे संध्याकाळी सूर्यास्ताला ठेवलात तर इथे पहाटेचे तीन. वेळ ठरवताना वधूवरांना हे सांगा. गोव्यातलं रिसेप्शन संक्रांतीनंतर ठेवणार असाल तर हॉल विमानाच्या तिकिटांच्याही आधी धरा, कारण मुहूर्त उघडले की फोंड्या-मडगावकडचे चांगले हॉल मिळणं कठीण होतं.