ज्वारीची भाकरी: पीठ ताजं आणि पाणी उकळतं असेल तर जमतेच

सध्या आमच्याकडे रात्री बहुतेक वेळा ज्वारीची भाकरी, पातळ पिठलं, कच्चा कांदा आणि ठेचा एवढंच जेवण असतं आणि खरं सांगते, इतकं पोटभर आणि समाधानाचं जेवण दुसरं नाही. भाकरीचा विषय निघाला की बऱ्याच जणी म्हणतात आम्हाला थापता येत नाही, हाताला वळणच नाही, कडा चिरतात, उचलताना तुटते. माझं स्पष्ट मत आहे की यात हाताचा दोष फार कमी असतो, दोष असतो पिठाचा नाहीतर पाण्याचा. म्हणून थापण्याच्या आधीचं सगळं नीट लिहिते, ते वाचून मग परातीला हात लावा.

गव्हात ग्लुटेन असतं म्हणून कणीक ताणली जाते, ज्वारीत ते नाहीच. त्यामुळे ज्वारीचं पीठ एकमेकांना धरून ठेवायचं काम करतो तो त्यातला स्टार्च, आणि तो चिकट होतो गरम पाण्याने. गार पाण्यात मळलं की पीठ नुसतं ओलं होतं, धरत नाही. आणि पीठ जुनं असेल तर त्याची विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, गेलेली असते, मग किती का मळा, कडा चिरणारच. 2023 हे आंतरराष्ट्रीय मिलेट वर्ष झालं आणि मॉलमध्ये ज्वारीच्या पिठाची पाकिटं आली, चांगलंच झालं, पण पाकिटावरची दळल्याची तारीख कोणी बघत नाही, दोन-तीन महिन्यांपूर्वीचं पीठ घरी येतं आणि बोलणी हाताला बसतात.

म्हणून शक्य असेल तर ज्वारी आणा आणि दळून घ्या. ज्वारी घेताना शाळू मागा, म्हणजे रब्बीची ज्वारी. त्यातली मालदांडी जात मिळाली तर फारच छान, मंगळवेढ्याच्या मालदांडीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगीच नाही, दाणा टपोरा, मोत्यासारखा आणि भाकरीला अंगची गोडी असते. खरिपाच्या ज्वारीला काढणीच्या वेळी पाऊस लागला तर दाणा काळा पडतो, ती स्वस्त दिसली तरी भाकरीसाठी घेऊ नका. शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाला नवी ज्वारी बाजारात येते, वर्षाची भरायची असेल तर तेव्हाच भरा. गिरणीत मात्र एकावेळी दीड-दोन किलोच न्या, एक किलोत मध्यम आकाराच्या साधारण 14-15 भाकऱ्या होतात त्या हिशोबाने. गिरणीवाल्याला सांगायचं की बारीक दळा आणि गव्हावर टाकू नका, ज्वारीवरच ज्वारी दळा, घरात कोणाला गहू चालत नसेल तर हे आवर्जून. पीठ गिरणीतून गरम येतं, ते तसंच डब्यात कोंबू नका, कागदावर पसरून गार होऊ द्या मग भरा. दहा-बारा दिवसांत संपवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. पीठ जुनं झालंय का ते कळायला चिमूटभर तोंडात टाकून बघायचं, कडवट लागलं की समजायचं.

आता मळणं. चार भाकऱ्यांसाठी दोन वाट्या पीठ, चवीपुरतं मीठ (आमच्याकडे घालतात, बऱ्याच घरी घालत नाहीत, दोन्ही बरोबर), आणि दीड वाटी पाणी उकळायला ठेवा, सगळं लागेलच असं नाही. कोमट नको, खळखळ उकळलेलं हवं. पिठात मधे खड्डा करून पाणी ओता, चमच्याने कालवा, झाकून पाच मिनिटं सोडा. हात लागेल इतपत निवलं की मळायला घ्या, आणि मळायचं म्हणजे परातीला तळहाताचा मनगटाकडचा भाग लावून पीठ पुढे रगडत न्यायचं, परत गोळा करायचं, परत रगडायचं, लागलं तर गार पाण्याचा हात. सगळं पीठ एकदम रगडू नका, एका भाकरीपुरतं घ्या, ती थापून तव्यावर टाका मग पुढचं घ्या. गोळा दाबल्यावर कडेला भेग पडली तर अजून मळायचंय, नाही पडली तर झालं.

पीठ थोडं जुनंच असेल आणि दुसरं नसेल, किंवा तुम्ही परदेशात असाल आणि इंडियन स्टोअरमधलं पाकीट किंवा व्हाइट सोरघम फ्लार (पांढऱ्या ज्वारीचं पीठ) एवढंच मिळत असेल, तर सरळ उकड काढा. एक वाटी पाणी उकळलं की गॅस बारीक करून त्यात एक वाटी पीठ घाला, उलथण्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून गॅस बंद, दहा मिनिटांनी मळा. ही भाकरी थापायलाच पाहिजे असं नाही, पोळपाटावर पीठ भुरभुरून लाटली तरी होते, आणि लाटलेली भाकरी खरी नाही वगैरे जे बोलतात त्यांच्याकडे अजिबात लक्ष देऊ नका, मुलांच्या पोटात भाकरी गेली हे महत्त्वाचं.

थापताना परातीत किंवा ओट्यावर कोरडं पीठ सढळ हाताने पसरा. गोळा थोडा चपटा करून ठेवायचा आणि बोटांनी, तळव्याने नाही, हलकं हलकं थापत जायचं, कडेकडेने, म्हणजे ती आपोआप गोल फिरते. दुसऱ्या हाताने कड सांभाळायची. फिरायची थांबली की खाली पीठ कमी पडलंय, लगेच थोडं सारा. मधला भाग आणि कड सारखी जाड हवी, कड जाड राहिली तर फुगत नाही. सुरुवातीला पुरीपेक्षा थोडी मोठी एवढीच करा, परातभर भाकरी पुढे येईलच.

तवा लोखंडी आणि चांगला तापलेला हवा. भाकरी दोन्ही हातांवर अलगद घेऊन अशी टाका की खालची पिठाची बाजू वर येईल. आता लगेच पाणी, आणि इथे बघत उभं राहायचं, फोन बाजूला. बोटं पाण्यात बुडवून सगळ्या भाकरीवरून पाणी फिरवा, कडेपर्यंत, वरचं पांढरं पीठ दिसेनासं झालं पाहिजे. भाकरी आधी चकचकीत दिसते, मग अर्ध्या-पाऊण मिनिटात चमक कडेकडून मधे सरकत जाते आणि रंग जरा गडद होतो. मधे अजून थोडा ओलावा दिसतोय तेवढ्यात उलटायची. पूर्ण सुकू दिलं तर भेगा पडतात आणि फार ओली असताना उलटली तर तव्याला चिकटते. पाण्याची बाजू मध्यम आचेवर नीट भाजू द्या, तपकिरी ठिपके आले पाहिजेत आणि भाकरी तव्यावर सुटी फिरली पाहिजे. मग तवा बाजूला करून पहिली बाजू थेट आचेवर धरा, टम्म फुगते. इंडक्शन असेल तर तव्यावरच उलटून सुती फडक्याने कडा हलक्या दाबत फिरवा, वाफ मधे जमा होऊन फुगतेच, जरा वेळ लागतो इतकंच. तयार भाकऱ्या टोपलीत उभ्या टेकवून ठेवा, एकावर एक रचल्या की वाफेने खालच्या ओल्या होतात.

पिठलं भाकरीच्या आधीच करून ठेवा. अर्धी वाटी बेसन दोन वाट्या पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचं. तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला भरपूर लसूण, मिरची, कांदा, हळद, मग हे कालवलेलं पीठ आणि मीठ, ढवळत ढवळत उकळी आणायची आणि झाकून सात-आठ मिनिटं बारीक गॅसवर. निवताना ते घट्ट होतं म्हणून उतरवताना वाटतं त्यापेक्षा पातळच ठेवा. पिठल्याचा कंटाळा आला तर मेथीची पातळ भाजी, अंबाडी, साताऱ्याकडचं उडदाचं घुटं, किंवा काहीच करायचं नसेल त्या दिवशी सोलापुरी शेंगदाण्याची चटणी आणि त्यावर कच्चं तेल. दूध-भाकरी तर आहेच.

उरलेली भाकरी टाकू नका. सकाळी हाताने बारीक कुस्करून, फोडणीत कांदा-मिरची-शेंगदाणे परतून त्यात घाला, पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा, पाच मिनिटांत नाश्ता होतो. मुद्दाम टिकवायचीच असेल तर भाकरी अगदी पातळ थापा आणि मंद आचेवर कडक होईपर्यंत शेका, सोलापूरकडे अशी कडक भाकरी करतात, ती प्रवासात बरेच दिवस टिकते आणि दह्यात किंवा आमटीत मोडून खायला फार सुंदर लागते.