कॉकाटू बेट एका दिवसात कसं पाहावं

सिडनीला मुलाकडे-मुलीकडे राहायला गेलेल्या मंडळींचे पहिले आठ-दहा दिवस ऑपेरा हाऊस, हार्बर ब्रिज आणि बॉन्डायच्या किनाऱ्यात निघून जातात. मग "आता काय दाखवायचं?" असा प्रश्न घरातल्यांना पडतो. अशा वेळी कॉकाटू बेटाचं नाव काढावं. सिडनी बंदरातलं हे सर्वांत मोठं बेट, तरी जेमतेम 18 हेक्टरचं. आधी कैद्यांची वसाहत, मग आरमाराची गोदी, नंतर काही वर्षं ओसाड आणि 2007 पासून सर्वांसाठी खुलं. 2010 मध्ये युनेस्कोने ऑस्ट्रेलियातल्या 11 कैदी-स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यातलं हे एक. प्रवेश फुकट आहे. खर्च फक्त बोटीच्या भाड्याचा.

दिवस निवडताना

डिसेंबर-जानेवारी हा तिथला भर उन्हाळा. बेटाच्या माथ्यावर सावली कमी, त्यामुळे तेव्हा जायचं तर सकाळी लवकर निघावं. मार्च ते मे चालायला उत्तम. सप्टेंबरपासून पुढे हवा छान असते, पण तेव्हा बेटावर सीगल पक्ष्यांची वीण चालू असते. लाल चोचीचे, लाल पायांचे हे पांढरे पक्षी रस्त्याच्या कडेला, पायरीवर, गवतात, कुठेही अंडी घालतात आणि कोणी जवळून गेलं की थेट डोक्यावर झेपावतात. टोपी घाला, छत्री असेल तर उघडा, आणि पिल्लाचा फोटो काढायला वाकू नका.

शुक्रवार ते रविवार सार्वजनिक वाहतुकीची दिवसाची कमाल भाडेमर्यादा कमी असते. ट्रेन, बस, बोट असा सगळा प्रवास त्यात बसतो, म्हणून लांबच्या उपनगरातून येणाऱ्यांनी शक्यतो हेच दिवस धरावेत.

बोटीने जाताना

ऑपेरा हाऊसजवळच्या 'सर्क्युलर की' या धक्क्यावरून एफ-8 मार्गाची फेरी बोट घ्या. ओपल कार्ड (सिडनीच्या ट्रेन-बस-बोटींचं भाडं भरायचं कार्ड) नसेल तर साधं कॉन्टॅक्टलेस बँक कार्डही चालतं. चढताना टॅप करायचं, उतरल्यावर पुन्हा टॅप करायचं. दुसरं टॅप राहिलं तर भाडं जास्त कापलं जातं, आणि घाईत नेमकं तेच राहतं. पॅरामाटा नदीतून येणाऱ्या काही बोटीही बेटावर थांबतात. पॅरामाटा, हॅरिस पार्क भागातल्या आपल्या लोकांनी आधी त्यांचं वेळापत्रक बघावं.

बसायला बोटीचा मागचा उघडा भाग धरा. बोट हार्बर ब्रिजखालून जाते आणि मागे वळून पाहिलं की पूल आणि ऑपेरा हाऊस एकाच चौकटीत येतात. साधारण अर्ध्या तासात बेट येतं.

उतरल्यावर आधी वर चढा

सगळे धक्क्यावर उतरले की समोरच्या क्रेनकडे आणि शेडकडे वळतात. तुम्ही माहिती केंद्रातून नकाशा घ्या आणि चढाच्या रस्त्याने आधी माथ्यावर जा. चढ दमछाक करणारा आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी सावकाश जावं. पण क्रम हाच ठेवा. खालची गोदी ज्यांनी खोदली त्यांची राहण्याची जागा वर आहे, आणि ती पाहिल्याशिवाय गोदी म्हणजे नुसता पाण्याने भरलेला मोठा चर वाटतो.

1839 मध्ये नॉरफोक बेटावरचे कैदी इथे आणले. त्यांनी बेटाचाच वालुकाश्म फोडला आणि त्यातूनच स्वतःचा तुरुंग बांधला. पहारेकऱ्यांच्या इमारतीला आता छप्पर नाही. तिच्या भिंतींत बंदुकीसाठी ठेवलेल्या अरुंद फटी आहेत. आत उभं राहून त्यातून बाहेर बघा. शेजारी कैद्यांच्या बराकी. दगडावर जवळून नजर टाकली तर छिन्नीच्या तिरप्या रेघा अजून दिसतात.

मराठी माणसाने मुद्दाम थांबावं अशी जागा म्हणजे धान्याची कोठारं. आपल्याकडे जमिनीत पेव असायचं, तशीच ही, फक्त अखंड खडकात हाताने कोरलेली: तोंड अरुंद, पोट फुगीर. 1830च्या दशकातल्या दुष्काळानंतर न्यू साउथ वेल्स वसाहतीचे गव्हर्नर गिप्स यांनी धान्याचा साठा करायला ही खोदून घेतली. सरकारने धान्याच्या बाजारात हात घालू नये, असं लंडनचं मत पडलं आणि योजना बारगळली. भोकं तेवढी राहिली. पुढच्या काळातल्या बांधकामात काही कोठारं उभी चिरली गेली, म्हणून त्यांचा आतला बाटलीसारखा आकार बाहेरूनच दिसतो.

1869 मध्ये तुरुंग बंद झाला, पण जागेचं नशीब फारसं पालटलं नाही. 1871 पासून तिथे मुलींची सुधारशाळा भरली आणि मुलांसाठी किनाऱ्याजवळ एक जहाज नांगरून ठेवलं. 1888 ते 1908 पुन्हा तुरुंग. त्या आधी, 1863 मध्ये, फ्रेडरिक वॉर्ड नावाचा कैदी इथून पोहून निसटला आणि पुढे 'कॅप्टन थंडरबोल्ट' नावाचा दरोडेखोर म्हणून गाजला. काठावरून पलीकडचा किनारा बघितलात तर अंतर फार वाटत नाही. रात्र, थंड पाणी आणि मागे पहारा हे मात्र हिशेबात धरा.

मग भुयारातून खाली

बेटाला आरपार छेदणारी भुयारं आहेत. त्यातलं डॉगलेग भुयार चुकवू नका. गोदीच्या एका बाजूचं सामान दुसऱ्या बाजूला न्यायला ते खोदलं होतं. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यापासून आसरा म्हणूनही वापरलं. आत गारवा असतो. बाहेर पडल्यावर लगेच वर बघा: डोक्यावर सरळसोट कापलेला कडा. जहाजबांधणीला सपाट जागा हवी म्हणून बेट असं कापत नेलं आणि कडेने समुद्रात भर घातली. आजचं बेट मूळ बेटापेक्षा बरंच मोठं आहे ते त्यामुळे.

गोदीला सर्वांत जास्त वेळ द्या

मुंबईकराला गोदी हा शब्द पाठ, पण प्रत्यक्ष कोरडी गोदी पाहिलेले किती? मुंबईची जुनी गोदी 1750 ची, आणि ती अजून नौदलाच्या ताब्यात. आपण बाहेरच्या भिंतीपर्यंतच. इथे थेट काठावर उभं राहता येतं.

फिट्झरॉय डॉक कैद्यांनी 1847 ते 1857 अशी दहा वर्षं खपून खोदला. काम असं चालायचं: भरलेल्या गोदीत जहाज आणायचं, तोंडाशी तरंगतं दार बसवायचं, पंपाने पाणी उपसायचं. पाणी उतरेल तसं जहाज खालच्या ठोकळ्यांवर टेकतं आणि कामगार त्याच्या पोटाखाली शिरतात. आज या गोदीत आणि शेजारच्या गोदीतही पाणी आहे, पण काठाच्या दगडी पायऱ्या पाण्यात उतरताना दिसतात. त्या बघून खोलीचा अंदाज बांधा. शेजारचा सदरलँड डॉक 1890 चा; त्या काळी तो जगातल्या सर्वांत मोठ्या गोद्यांत गणला जायचा. उंच विटांच्या धुराड्याची इमारत म्हणजे वीजघर. पाणी उपसणारे पंप तिथेच.

1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर नैऋत्य पॅसिफिकमधली जहाजदुरुस्तीची मुख्य जागा हीच झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस 'न्यू ऑर्लीन्स' ही अमेरिकी युद्धनौका सिडनीला आली ती टॉर्पेडोने पुढचा सगळा भाग तुटलेल्या अवस्थेत. तिला तात्पुरतं नाक इथे बसवलं आणि पॅसिफिक ओलांडून घरी धाडलं. 1984 मध्ये 'सक्सेस' हे इथलं शेवटचं मोठं जहाज पाण्यात उतरलं. 1989 मध्ये गोदी बंद होणार असं जाहीर झालं तेव्हा कामगारांनी बेटच ताब्यात घेतलं आणि सुमारे 14 आठवडे सोडलं नाही. गिरणी-संप आणि गोदी-संप पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. 1991 मध्ये काम थांबलं.

टर्बाइन शॉप या गोदीच्या जुन्या कार्यशाळेत जाऊन या. एवढी उंच शेड, आणि आत सध्या कधी कलाप्रदर्शन, कधी नुसता रिकामेपणा. मला ती रिकामी जास्त आवडते.

खाणं आणि मुक्काम

कॅफे आहे, पण वेळा बदलत्या, म्हणून डबा न्यावा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या असं झाकून खाता येईल ते बरं. उघड्या ताटलीवर सीगल हमखास धाड घालतात.

रात्री राहायचं तर पाण्याकाठी तंबू भाड्याने मिळतात, जुनी घरंही मिळतात. 31 डिसेंबरच्या आतषबाजीसाठी मात्र कित्येक महिने आधी नोंदणी करावी लागते. एका दिवसात परतणार असाल तर धक्क्यावरच्या बोटींच्या वेळापत्रकाच्या फलकाचा फोटो उतरल्याबरोबर काढा, आणि शेवटच्या बोटीच्या आधीची बोट आपली समजा.