वडिलांना तपासणीला कसं न्यावं: सकाळच्या गोळीपासून सुरुवात

फाइल, जुने रिपोर्ट, आधार कार्ड घ्या हे सांगत बसत नाही, ते तुम्ही घ्यालच. डॉक्टरांना विचारायच्या वीस प्रश्नांची यादी करा असं सांगणारे लेख मीही वाचलेत. ते लिहिणारे बापाला घेऊन अमळनेर-धुळे एसटीत कधी बसले नसावेत. मी सात वर्षं दर तीन महिन्यांनी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बीपी-साखरेच्या तपासणीला नेतोय.

नंबर. सकाळचा, पहिल्या पाचांतला. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा दुपारचा नंबर मिळत असेल तर तो दिवसच सोडा. कापूस वेचणीच्या ऐन दिवसांतली तारीख काढू नका, आबा येणार नाहीत. एसटीत ७५ वर्षांपुढच्यांना तिकीट नाही, पण आधार घरी राहिलं तर कंडक्टरशी वाद घालत बसावं लागतं.

रक्त. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास काही न खाता. साधं पाणी चालतं. जेवणानंतरची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी. त्यासाठी घरचा रोजचा डबा न्या, स्टँडवरच्या पोहे-जिलेबीवर मोजलेली साखर काही कामाची नाही. आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस चापून मग तपासणीआधी दोन दिवस उपास करणाऱ्यांना सांगून ठेवा, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी त्याने फसत नाही.

सकाळच्या गोळ्या. इथे मी वर्षभर मार खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ओळीने तीन खेपांना आबांचा वरचा बीपी १७० च्या पुढे निघाला. दर खेपेला डॉक्टरांनी डोस वाढवला. इकडे घरी मात्र आबा पहाटे खाटेवरून उठले की भिंत धरायचे. एकदा ओट्यावरून पडले, कपाळाला तीन टाके पडले. मी मशीन आणून घरी मोजला तर वरचा १०० सुद्धा भरेना. मशीनच खराब म्हणून मी दुकानदाराला जाऊन चार शब्द सुनावून आलो. त्याची मी नंतर माफी मागितली.

चौथ्या खेपेला गाडीत पिशवी उघडली तर त्या दिवशीची गोळी पाकिटात तशीच. विचारलं तर आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गाडीमा लघवीले कोठे उतरू?"

बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असतं. आबा ती रोज नेमाने घ्यायचे, फक्त दवाखान्याच्या दिवशी नाही. म्हणजे डॉक्टर दर वेळी गोळी न घेतलेला माणूस तपासत होते, डोस त्या माणसासाठी वाढवत होते, आणि तो वाढीव डोस घरी गोळी घेणारा माणूस खात होता. तो पडणार नाही तर काय होईल? यात डॉक्टरांची चूक नव्हती. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि मीही आबांना कधी विचारलं नव्हतं.

तेव्हा आधी लघवीचा प्रश्न सोडवा, मग गोळीचा आग्रह धरा. त्या गोळीची वेळ पुढेमागे करता येते का, हे मागच्या भेटीतच विचारून ठेवा. आमच्या डॉक्टरांनी करून दिली. तुम्ही मात्र मनाने करू नका. जमलं तर एसटीऐवजी गावातली गाडी सांगा, ती वाटेत थांबते. पोहोचल्यावर सगळ्यात आधी मुतारी, मग नंबरची चौकशी; तुंबलेल्या लघवीनेही बीपी वर जातो.

दुसरा घोळ 'उपाशीपोटी' या शब्दाचा. म्हातारी माणसं त्याचा अर्थ सगळ्या गोळ्या बंद असा घेतात. सहसा बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालते. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी नाही, नाहीतर रांगेतच घाम फुटून हातपाय कापायला लागतील. कोणती गोळी सकाळी, कोणती डब्याबरोबर, हे डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर लिहून घ्या.

आणि एवढं करूनही गोळी राहिलीच, तर केबिनमध्ये शिरताच पहिलं वाक्य तेच: "आज सकाळची घेतलेली नाही." आबांवर डाफरू नका. डाफरलात तर पुढच्या खेपेला ते गोळी घेणार नाहीत, वर घेतली म्हणून सांगतील.

बीपी मोजताना. आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून बसवा. अर्धा तास आधीपासून चहा नको. चक्कर येत असेल तर उभं करूनही मोजायला सांगा. कंपाउंडर कंटाळा करेल, तरी सांगा.

केबिन. आधी बापाला बोलू द्या. "माले काही नही व्हयनं," हेच ऐकायला मिळेल. मग तुम्ही दोन वाक्यांत सांगा: कधी पडले, रात्री किती वेळा उठतात. गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करा, गावच्या मेडिकलमधून आणलेल्या गुडघेदुखीच्या गोळ्यांसकट. त्या गोळ्यांनी बीपी वाढतो, मूत्रपिंडालाही त्रास होतो, आणि चिठ्ठीत त्यांचं नाव कुठेच नसतं.

मेडिकल. काउंटरवरच नव्या गोळ्या जुन्यांशी जुळवा. कंपनीचं मोठं नाव नाही, खालची बारीक अक्षरं वाचा. नाव वेगळं आणि औषध तेच, अशा दोन गोळ्या आबा महिनाभर खात होते. डॉक्टरांनी बंद केलेली गोळी पिशवीतून काढून स्वतःच्या खिशात घाला. घरी पिशवीत राहिली तर ते ती संपवतात, पैसे मोजलेले असतात ना.