विजयदिनाच्या मॉडेल गाड्या जपताना या चुका टाळा

दुसरं महायुद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून १९९५ साली लेडो या ब्रिटिश खेळणी कंपनीने डाय-कास्ट (साच्यात धातू ओतून केलेल्या) गाड्यांचे संच काढले. साठाव्या आणि पंच्याहत्तराव्या वर्षी इतर कंपन्यांच्या गाड्याही आल्या. आज त्या बहुतेक जुन्या बाजारातूनच हाती येतात. त्या बिघडतात त्याही खेळून नव्हे, तर कपाटात, जपण्याच्या नादात.

आधी खरेदीबद्दल. खोक्यावर वेगळी तारीख दिसली म्हणून माल नकली ठरवू नका. युरोपातल्या विजयाचा दिवस ब्रिटनमध्ये ८ मे, रशियात ९ मे. जपानवरच्या विजयाचा दिवस ब्रिटन १५ ऑगस्टला पाळतं (हा १९४५ चा, आपला नव्हे), तर शरणागतीवर सह्या २ सप्टेंबरला ‘मिसुरी’ या अमेरिकी युद्धनौकेवर झाल्या. त्यामुळे या चारही तारखा खोक्यांवर सापडू शकतात.

तपासायची असतात ती गाडीवरची अक्षरं. दहापट भिंग घ्या आणि टॉर्च तिरका मारा. कारखान्यातल्या टॅम्पो छपाईत (मऊ रबरी ठशाने केलेल्या) शाई थेट रंगावर बसते. घरी चिकटवलेलं डेकल (पातळ छापील चित्रपट्टी) असेल तर अक्षरांभोवती पारदर्शक पापुद्र्याची कड चमकते. कंपनीच्या परवानगीशिवाय असं सजवलेल्या गाडीला संग्राहक ‘कोड ३’ म्हणतात. परवानगी घेऊन केलेली कोड २ आणि कारखान्यातूनच तशी निघालेली कोड १. कोड ३ जरूर घ्या, पण कोड १ च्या भावाने नको.

सगळ्यात जास्त नुकसान टायरपायी होतं. मऊ पीव्हीसीच्या टायरमधलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) वर्षानुवर्षं झिरपत राहतं आणि खालच्या पॉलिस्टायरीन या कडक प्लास्टिकच्या स्टँडला मऊ करतं. गाडी उचलायला जावं तर चाकाखाली खळगा पडलेला, टायर चिकट आणि त्यावर स्टँडचा वितळका थर. उन्हाळ्यात हे आणखी भराभर होतं. म्हणून चासीखाली छोटा ठोकळा देऊन चाकं २ मिमी अधांतरी ठेवा, नाहीतर प्रत्येक टायरखाली मायलर म्हणून मिळणाऱ्या पॉलिएस्टर फिल्मची पट्टी सरकवा. चिकटलेलं चाक वर ओढू नका, आस वाकते. गाडी हाताने धरून चाक हळूहळू फिरवत सोडवा.

दुसरी चूक खास आपल्या घरांतली: कपाटात डांबराच्या गोळ्या. साड्यांना त्या चालतात, पण त्यांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते. गाड्यांच्या कपाटात एकही गोळी नको. खोक्यातला जुना फोमही काढून टाका. तो भुगा होऊन रंगाला चिकटतो. त्याच्या जागी आम्लविरहित टिश्यू पेपर घाला.

धूळ मऊ मेकअप ब्रशने झाडा. डाग असेल तर २०० मिली डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, इअरबड ओला करून पिळा आणि मगच फिरवा. गाडी पाण्यात बुडवू नका, पोलादी आस गंजते. थिनर किंवा ॲसिटोन लागलं की अक्षरं जातात. चकाकता बंपर तर ब्रासोने घासूच नका. तो बहुधा प्लास्टिकचा असतो आणि त्यावरचा धातूचा थर इतका पातळ असतो की दोन-चार फेऱ्यांत खालचं प्लास्टिक उघडं पडतं.

तुटलेली काच सुपरग्लूने लावली तर वाफेने पांढरी धुरकट होते. तिथे पांढरा फेव्हिकोल वापरा, धातूच्या भागांना अराल्डाइट.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात आर्द्रतामापक ठेवाच. ४५ ते ५० टक्के हे लक्ष्य ठेवा. त्याच्या फार खाली गेलात तर खोक्याचा पुठ्ठा ठिसूळ होतो. ४० लिटरच्या घट्ट झाकणाच्या डब्याला २०० ग्रॅम सिलिका जेलपासून सुरुवात करा आणि मापक पाहून कमी-जास्त करा. रंग बदलणारं जेल असेल तर त्याचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवा आणि थंड झाल्यावरच परत ठेवा.

गाडीच्या ओतीव धातूला बारीक भेगा पडून ती फुगायला लागली तर तो जस्ताचा रोग. मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली की आतून कण सुटतात. हा रोग मुख्यतः युद्धापूर्वीच्या खेळण्यांत दिसतो, नव्वदीतल्या गाड्यांत क्वचितच. इलाज नाही. मात्र तो शेजारच्या गाडीला लागत नाही, त्यामुळे तिला हलवायची गरज नाही.