पाड्यावर लहान मुलांचा खेळगट सुरू करायचाय? मग हे वाचा

जव्हार-मोखाड्याकडे किंवा रायगडच्या कातकरवाड्यांवर काम करायला जाणारे हमखास विचारतात, अंगणवाडी आहे ना, मग वेगळा खेळगट कशाला. अहो, अंगणवाडीत रोज बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, त्याहून लहान असेल त्याला घरी न्यायला टीएचआरची, म्हणजे घरी शिजवायच्या पोषण आहाराची, पाकिटं मिळतात, लसीला नि वजनाला बोलावणं येतं आणि बाकीचे दिवस ते मूल आईच्या कडेवर नाहीतर सात-आठ वर्षांच्या ताईच्या कडेवर. खेळगट या वयासाठी. आणि इथे मूल सोडून जायचं नसतं, आई आजी ताई जो कोणी सांभाळतो त्याने सोबत बसायचं. ऑस्ट्रेलियात ॲबोरिजिनल कुटुंबांसाठी कम्युनिटी प्लेग्रुप चालतात तिथेही हीच पद्धत, मूल आणि त्याचं मोठं माणूस दोघं एकत्र. आपल्या शहरातला फी भरून मूल सोपवायचा प्लेग्रुप डोक्यातून काढून टाका.

पहिले दोन-तीन आठवडे काही सुरूच करू नका, नुसतं जाऊन बसा. कुठे बसायचं ते बायकाच सांगतील, एखाद्या म्हातारीचं सारवलेलं अंगण असतं किंवा चिंचेखालची जागा, जिथे त्या तशाही निवडण-टिपण करत बसतात. तीच जागा घ्या. समाजमंदिराचं कुलूप उघडून घेऊन सतरंजी टाकली की ती मीटिंग होते, बायका डोक्यावर पदर घेऊन गप्प बसतात आणि सगळे वाट बघतात साहेब कधी बोलतील.

वेळ शेती बघून ठरवायची. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत, जुलैच्या आसपास, दिवसा पाड्यावर कोणीच नसतं, तेव्हा गट ठेवायचा तर अंधार पडायच्या आधी तासभर, नाहीतर सरळ सुट्टी. दिवाळीनंतर बरीच कातकरी घरं वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात ती थेट पावसाच्या तोंडावर परत येतात, त्यामुळे जूनमध्ये वर्षभराचा प्लॅन कागदावर काढून फंडिंगवाल्यांना दाखवला तरी डिसेंबरात अर्धा गट भट्टीवर असतो. भट्टी जवळपास असेल तर तिथेच गट भरवा, मालकाशी आधी बोलून घ्या. गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्याच्या आसपास, तिकडे तेव्हा सगळे पहाटेच जंगलात.

आता भाषा, इथे सगळ्यात जास्त गडबड होते. बाहेरून आलेली ताई येते आणि पहिल्याच दिवशी टाळ्या वाजवत मराठी बडबडगीत, मुलं बघत बसतात आणि आयांना वाटतं आपल्याला काही येत नाही. वारली-कातकरी बोली निदान मराठीच्या जवळच्या आहेत, पण मेळघाटातली कोरकू तर मुंडा या वेगळ्याच भाषाकुळातली, मराठीशी तिचा काही संबंधच नाही. म्हणून गाणं आजीचं घ्या. झोळी हलवताना ती काय गुणगुणते, नातवाला पायावर घेऊन झुलवताना काय म्हणते, तेच सगळ्यांनी म्हणायचं आणि तुम्ही शिकायचं. तुमचे उच्चार चुकतात तेव्हा बायका जे हसतात ना, त्या दिवसापासून गट त्यांचा होतो असं माझं मत आहे.

खेळण्यांवर पैसे घालवू नका. बांबूच्या नळ्या, करवंट्या, पळसाची पानं, चिकणमाती, पाण्याची घमेली एवढ्यात दोन तास जातात. फक्त चिंचोके, सागरगोटे, खडे असलं काही तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती एकटं सोडायचं नाही, नाकात किंवा घशात जातं. बांबूकाम जाणणारा आजोबा असेल तर त्याला बोलवा, बाप-आजोबा एरवी लांबच उभे राहतात, पण खुळखुळा बनवायला सांगितलं की येऊन टेकतात. हे काही नवीन नाही म्हणा, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये डहाणूकडच्या बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला हेच केलं, आसपास मिळेल त्या वस्तूंवर बालशिक्षण उभं केलं आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा नेली.

तब्येतीचं बोलणं गप्पांतून काढा, भाषण नको. दंडाच्या घेराची पट्टी जवळ ठेवा, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषित धरतात, त्याच दिवशी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईला सांगायचं. पण सगळ्यांसमोर आकडा बोलायचा नाही प्लीज, त्या आईला बाजूला घेऊन बोला, नाहीतर ती पुढच्या वेळी यायची नाही आणि तिची जाऊही यायची नाही. खाऊ द्यायचाच तर नाचणीची पेज, उकडलेलं अंडं, केळं. बिस्किटाचे पुडे वाटू नका, एकदा सवय लागली की गट बिस्किटासाठी भरतो.

सेविकेला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. तिच्याकडे रजिस्टरं, मोबाईलमधली एंट्री, लसीकरणाच्या याद्या इतकं काम असतं की तिला तुम्ही तपासणीवाले वाटणं साहजिकच आहे, तेव्हा तिचं रजिस्टर मागू नका, तिला मदत काय हवीय ते विचारा. ती मुळात त्याच पाड्यातली असेल तर अर्धं काम झालं. फोटो काढायचे तर आईला विचारून, आणि उघड्या पोराचा फोटो रिपोर्टमध्ये टाकायचाच नाही.

आणि गट चालवायला पाड्यातल्याच दोघीजणी तयार करा, एक नको, एकीला ताप आला किंवा ती माहेरी गेली की सगळं बंद पडतं. त्यांना मानधन द्या, थोडं का होईना पण ठरलेल्या तारखेला, कारण मजुरी बुडवून कोणी किती दिवस येणार.