लॅबमधले पीसी जोडून क्लस्टर करताय? या चुका टाळा

नागपुरातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना फायनल इयर प्रोजेक्टसाठी लॅबमधले जुने पीसी जोडून क्लस्टर (एकच काम वाटून करणाऱ्या मशिनींचा संच) करावासा वाटतो, आणि तो त्यांनी करावाच. १९९४ मध्ये नासात उभा राहिलेला पहिला बिओवुल्फ क्लस्टरही बाजारात मिळणाऱ्या साध्या सुट्या भागांचाच होता. घोडं अडतं ते बहुतेकदा कोडमध्ये नाही, दोन मशिनींच्या मध्ये. म्हणून स्वतःचा प्रोग्रॅम चालवण्याआधी एमपीआयरनने सगळ्या मशिनींवर नुसती होस्टनेम ही मशीनचं नाव छापणारी कमांड चालवा. (एमपीआय म्हणजे वेगवेगळ्या मशिनींवरच्या प्रोसेसना एकमेकींना मेसेज पाठवू देणारी पद्धत, आणि एमपीआयरन म्हणजे त्या प्रोसेस सुरू करणारी कमांड.) सगळी नावं आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे ओपन एमपीआय आणि एमपिच या एमपीआयच्या दोन वेगळ्या सॉफ्टवेअरची सरमिसळ. कंपाइल एकाने केलं आणि चालवलं दुसऱ्याच्या एमपीआयरनने, की आठ प्रोसेस सुरू होतात आणि आठही जणी 'रँक ०, एकूण १' असंच छापतात (रँक म्हणजे प्रोसेसचा क्रमांक), म्हणजे प्रत्येकीला आपण एकटीच आहोत असं वाटतं. एरर काहीच येत नाही, त्यामुळे मुलं कोड उकरत बसतात. दोन्हींपैकी एक काढून टाका, सगळीकडे तेच व्हर्जन टाका आणि पुन्हा कंपाइल करा.

उबुंटू किंवा डेबियन असेल तर होस्ट्स फाइल (मशिनींची नावं आणि त्यांचे पत्ते यांची यादी) उघडून बघा. तिथे मशीनचं स्वतःचं नाव १२७.०.१.१ ला बांधलेलं असतं, म्हणजे नाव विचारलं की मशीन स्वतःकडेच बोट दाखवते. ती ओळ काढा, सगळ्यांचे लॅनचे पत्ते लिहा आणि तीच यादी प्रत्येक मशीनवर ठेवा.

प्रोसेस सुरू होतात पण पहिल्याच मेसेजला अडकतात? फायरवॉल तपासा. एसएसएचचा (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करण्याचा) २२ नंबरचा पोर्ट उघडून भागत नाही, कारण एमपीआय एरवी मिळेल तो पोर्ट घेतं. लॅबच्या नेटवर्कला आपसात पूर्ण मोकळीक द्या. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलेलं असेल तर ओपन एमपीआय कधीकधी त्याच्या आभासी नेटवर्ककडे वळतं. कोणतं नेटवर्क वापरायचं ते त्याला नेमकं सांगा.

छोटे मेसेज जातात आणि मोठे लटकतात, तेव्हा मात्र दोष बहुतेकदा कोडचाच. दोन्ही बाजू आधी सेंड करून एकमेकींची वाट बघत असतात. पाठवणं आणि घेणं एकत्र करणारं सेंडरिसीव्ह वापरा.

केबलही बघाच. गिगाबिटला आठही तारा लागतात. घरी क्रिंप केलेल्या केबलची एक जोडी निसटली की लिंक १०० एमबीपीएसवर उतरू शकते, तक्रार न करता. एथटूल या नेटवर्क कार्डची माहिती देणाऱ्या कमांडमध्ये वेग लगेच दिसतो.

आणि मे महिना. बाहेर ४५ अंश असताना धुळीने भरलेल्या पंख्याचा पीसी तापतो, प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि प्रत्येक बॅरिअरवर (कोडमध्ये सगळ्यांनी एकमेकींसाठी थांबायची जागा) बाकीच्या मशिनी त्या एकीसाठी थांबतात. कॅबिनेट आधी साफ करा. कूलरची ओली हवा थेट त्यावर सोडू नका. स्पीडअपची (जास्त मशिनींमुळे काम किती पट लवकर झालं याची) रीडिंग्ज सकाळीच घ्या. दुपारची आणि सकाळची एकाच ग्राफमध्ये घालू नका.