गुलाबी टॅबेबुया फुलत नाही? आधी पाणी तोडा

मुंबईत विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती महामार्गावर फुलणारी वसंत राणी म्हणजेच टॅबेबुया. तिला रोज कोण पाणी घालतं? अंगणातल्या झाडाचे मात्र आपण फार लाड करतो, मग नुसता पाला माजतो. झाड चांगलं रुजलेलं, जुनं असेल तर डिसेंबरपासून पाणी जवळजवळ बंद करा. पानं गळतील, गळू द्या. बहर निष्पर्ण फांद्यांवरच येतो. युरिया तर नकोच. छाटणी बहर ओसरल्यावर लगेच, पावसाआधी. हिवाळ्यात कात्री लावली की फुलांची टोकंच जातात. छपरावर झुकलेली फांदी आधी काढा. पहिली दोन-तीन वर्षं मात्र उन्हाळ्यात पाणी द्यायलाच हवं. बी ताजंच पेरा.